वर्गातील मौन आणि सौंदत्तीची वाट

वर्गात एखादा मुलगा दंगा करू लागला की त्याला उठवून मुलींच्या रांगेत बसवणे, ही आपल्याकडील शिक्षकांची जुनी शिक्षा आहे. वर्ग हसतो, मुलगा मान खाली घालतो आणि पाठ पुढे सुरू होतो. बेळगाव-निपाणी भागातील प्राथमिक शाळांतून वावरताना हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे. प्रांजळपणे सांगायचे तर वर्गाबरोबर मीही हसलो आहे. परंतु त्या पाच मिनिटांत मुले दोन धडे शिकतात. मुलगी असणे ही नामुष्कीची बाब आहे, हा एक. आणि ज्या मुलाची चालबोली मुलीसारखी आहे तो टवाळीचाच विषय आहे, हा दुसरा. लहान मुलांना लिंगभावाविषयी शिकवावे की नाही, असा वाद आज घातला जातो. वस्तुतः ते शिकवले जातच आहे. वाद असेल तर तो कोणता धडा द्यावा, एवढ्यापुरताच असू शकतो.

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२१ साली पारलिंगी मुलांच्या शालेय समावेशनाविषयी जी पुस्तिका काढली, तिचे परीक्षण याच कसोटीवर व्हावयास हवे होते. तसे झाले नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने आक्षेप घेतला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये, प्रसिद्धीनंतर थोड्याच दिवसांत, ती संकेतस्थळावरून काढून घेण्यात आली. या घाईबद्दल मद्रास उच्च न्यायालयाने पुढे नापसंतीही दर्शविली. पुष्कळ टीकाकारांनी ती जणू बालकांच्याच हाती द्यावयाची होती अशा आवेशाने लिहिले. ती होती शिक्षकांसाठी. तिचा मोठा गुण असा की, बदलण्याची जबाबदारी तिने मुलावर न टाकता शाळेवर टाकली: गणवेश, स्वच्छतागृहे, मुलामुलींची ऊठसूट होणारी विभागणी आणि टवाळी यांचा शाळेने फेरविचार करावा, असे तिचे म्हणणे होते.

तिचे दोषही झाकण्याचे कारण नाही. वयात येणे लांबविणाऱ्या औषधांचा उल्लेख शिक्षकांच्या मार्गदर्शिकेत अस्थानी होता. तो प्रांत वैद्याचा व पालकांचा आहे. शिवाय पुस्तिका इंग्रजीत होती. कागलची मुले बालभारतीची पुस्तके वाचतात, तर निपाणीच्या मराठी शाळेतील मुले कर्नाटकाची पुस्तके मराठीतून वाचतात. अशा सीमेवरच्या शिक्षकाला आपल्या भाषेतील चार सोपी वाक्ये हवी असतात. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात स्त्री-पुरुष मिळून पालेभाजी निवडत असल्याचे चित्र दिले. त्या एका चित्राने जे साधते ते परिभाषेच्या पानांनी साधत नाही.

आपल्या भागात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. सौंदत्तीचे यल्लम्माचे क्षेत्र बेळगाव जिल्ह्यातच आहे. मुलगा मुलीसारखा वागू लागला, केसांत जट दिसली, की देवीने त्याला मागितले असे समजून त्याला जोगता करण्याची रूढी येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. राजन गवस यांच्या ‘भंडारभोग’ या कादंबरीने आणि त्यांच्या कादंबऱ्यांवर बेतलेल्या ‘जोगवा’ (२००९) या चित्रपटाने ते दुःख मराठी वाचक-प्रेक्षकांपुढे मांडले. कर्नाटकाच्या १९८२ च्या देवदासीविरोधी कायद्याने देवाला वाहण्याची व्याख्या करताना ‘स्त्री’ हाच शब्द योजला होता. वाहिल्या गेलेल्या मुलाचा त्यात उल्लेख नव्हता.

येथे इतरांच्या श्रद्धेवर बोट ठेवण्याचा मोह आपण टाळावा. सगळेच जोगते बळजबरीने गेले असे नाही. काही आपण होऊन गेले. का गेले? भंडाऱ्याने माखलेल्या त्या आवारात त्यांना एक नाव मिळाले, जागा मिळाली. आपल्या वर्गात त्यांना फक्त ‘बायल्या’ ही हाक मिळाली होती. रूढीला नावे ठेवण्यापूर्वी आपण काय दिले, याचा हिशेब आपल्याला द्यावा लागेल.

ख्रिस्तसभेची भूमिका सुस्पष्ट आहे. कॅथलिक शिक्षण मंडळाचा २०१९ चा दस्तऐवज आणि २०२४ चे ‘दिग्नितास इन्फिनिता’ हे घोषणापत्र, या दोहोंनी लिंगभेद ही केवळ स्वेच्छेची बाब मानणारा सिद्धान्त नाकारला आहे. मीही तो स्वीकारीत नाही. परंतु २०१९ चा दस्तऐवज ऐकणे, विचार करणे आणि मग मांडणे असा क्रम सांगतो, आणि कोणाही मुलाची छळणूक वा अवहेलना होऊ नये असे बजावतो. आपण बहुधा तिसऱ्या पायरीवरून आरंभ करतो. सिद्धान्ताशी असलेला मतभेद हे मुलाविषयी गप्प राहण्याचे निमित्त होऊ शकत नाही.

यशयाच्या छप्पन्नाव्या अध्यायात, ज्यांना मंदिराच्या मंडळीत स्थान नव्हते अशा षंढांना देव पुत्र-कन्यांहून श्रेष्ठ नाव देऊ करतो. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप इथियोपी षंढाच्या रथाजवळ जातो, तेव्हा आधी त्याचा प्रश्न ऐकतो, मग शिकवतो. त्याला कोणत्या रांगेत बसवावे, हा प्रश्न फिलिपला पडत नाही.

म्हणून धर्मगुरू व धर्मशिक्षक बांधवांना माझे सांगणे थोडे आहे. मुलींच्या रांगेची ती शिक्षा आपल्या शाळांतून आणि रविवारच्या धर्मशिक्षण वर्गांतून बंद करावी. ‘बायल्या’ ही हाक ऐकू आली तर पाठ थांबवून तिची दखल घ्यावी. असे मूल दिसल्यास त्याच्या आईवडिलांना चारचौघांत न गाठता घरी जाऊन भेटावे, आणि त्यांची भीती ऐकून घ्यावी. यासाठी कोणत्याही नव्या पाठ्यपुस्तकाची वाट पाहावी लागत नाही. मी पूर्वी हसलो होतो, तो मुलगा पुढे शाळेत आला नाही. तो कोठे गेला हे मी कधी विचारले नाही.