चैत्रांगण : चिन्हव्यवस्था आणि दैनिक उक्ती

पंचांगात वर्षारंभाची नोंद एका तिथीने होते; लोकाचारात मात्र तो एका दिवसात आटोपत नाही. चैत्र शुद्ध प्रतिपदेस उभारलेली गुढी त्याच सायंकाळी उतरविली जाते. तृतीयेस गौर झोपाळ्यावर बसते आणि तेव्हापासून अक्षय तृतीयेपर्यंत अंगणात चैत्रांगण रेखाटण्याची प्रथा आहे. सारवलेल्या भूमीवरील ही रांगोळी वाऱ्याने व पावलांनी पुसली जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढली जाते. तिचे विवेचन सामान्यतः चिन्हांच्या अर्थापाशी थांबते. परंतु रोज पुसणे आणि रोज काढणे हे या कलेचे बाह्य उपचार नसून तिचे घटकतत्त्वच आहे, असे प्रतिपादन करावयाचे आहे.

चैत्रांगणाच्या मध्यभागी देव्हारा व झोपाळ्यावरील गौर असते. भोवती सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, गोपद्मे, कासव, नाग, तुळशीवृंदावन, अंबारीचा हत्ती, आंब्याचे झाड आणि त्यांच्याच पंक्तीत फणी, करंडा व आरसा. परंपरा ही चिन्हे एकावन्न सांगते; प्रत्यक्षात ती घरोघर कमीअधिक होतात. येथे तमिळ कोलमशी तुलना उद्बोधक ठरते. तेथेही मार्गळी महिन्यात रोज पहाटे दारापुढे रेखाटन होते व पोंगलला त्याची परिणती होते. मात्र ठिपक्यांभोवती वळणारी रेषा हा कोलमच्या एका प्रमुख प्रकाराचा प्राण आहे; तिच्या वळणांना नियम आहेत. म्हणूनच गिफ्ट सिरोमनी व त्यांच्या सहकाऱ्यांना १९७४ मध्ये कोलमची रूपे औपचारिक व्याकरणाच्या चौकटीत मांडता आली. चैत्रांगणाची प्रकृती निराळी आहे. ते वाक्यरचनेपेक्षा शब्दसंग्रहाच्या अधिक जवळ आहे : प्रत्येक आकृतीला नाव आहे, आणि काढणारी स्त्री ती नावे स्मरतच हात चालविते.

सोस्यूरच्या परिभाषेत सांगावयाचे तर एकावन्न चिन्हांची यादी ही भाषाव्यवस्था आणि त्या दिवशीचे रेखाटन ही उक्ती होय. उक्ती विरून जाते म्हणूनच ती पुन्हा करावी लागते. आणि पुन्हा होते म्हणूनच व्यवस्था जिवंत राहते. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात सोमेश्वराने चित्रप्रकारांमध्ये धूलिचित्राचा उल्लेख केला आहे. त्या संज्ञेतच या कलेचे क्षणिकत्व सामावले आहे. धूळ हे तिचे दारिद्र्य नव्हे. ते तिचे माध्यम आहे.

या प्रतिपादनाची कसोटी मीरा-भाईंदरसारख्या नगरात लागते. मिठागरे व मुर्धा, राई, मोर्वा, उत्तन यांसारखी गावे असलेल्या या भागाची १९८५ मध्ये नगरपरिषद व २००२ मध्ये महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ८,०९,३७८ होती. इमारतीतील घराला अंगण नाही. उंबऱ्यापुढची फरशी, फार तर गेरूने रंगविलेला पाट, एवढेच क्षेत्र. एकावन्न चिन्हे तेथे मावत नाहीत. निवड करावी लागते. त्यात गौर, स्वस्तिक, पावले यांना सहज स्थान मिळते. फणी-करंडा मागे पडण्याचा संभव अधिक. शिवाय त्याच मजल्यावरील गुजराती कुटुंबाचे वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेस उलटते. दोन्ही उंबऱ्यांवर माध्यम एक, कालगणना दोन. मराठीने मात्र दोन्ही तिथींना ‘पाडवा’ हेच नाव दिले आहे. ‘प्रतिपदा’पासून आलेल्या या शब्दात आरंभाचा अर्थ आहे, एकाच आरंभाचा आग्रह नाही.

क्षेत्रसंकोचाने कला नष्ट होत नाही. लहान छंदातही कविता होतेच. खरा प्रश्न चिकटविण्याच्या छापील रांगोळीने उभा केला आहे. तिच्यात एकावन्नही चिन्हे बिनचूक असू शकतात, आणि सकाळी घाईने लोकल गाठणाऱ्या स्त्रीला तिने दिलेली सवड क्षुल्लक मानता येत नाही. घरकामाचा भार कोणावर पडतो हे विसरून परंपरेचे गुणगान करणे अप्रामाणिक ठरेल. तथापि सोय आणि समतुल्यता या भिन्न गोष्टी आहेत. छापील रांगोळी महिनाभर तीच राहते. तिच्यात पहिला दिवस आणि तिसावा दिवस यांत भेद उरत नाही. ती चिन्हे दाखविते, पण काळ मोजीत नाही. उलट, फरशीवर रोज बोटांच्या चिमटीतून काढलेली पाच चिन्हे अपुरी असूनही चैत्र सरतो आहे याची साक्ष देतात. म्हणून चैत्रांगणाचे मूल्यमापन चिन्हसंख्येवर न करता आवृत्तीवर करावे लागेल. आणि ती आवृत्ती घरातील एकाच व्यक्तीच्या वाट्याला यावी, असे या कलेच्या स्वरूपात काहीही नाही.

संशोधनाच्या दृष्टीने याचा निष्कर्ष स्पष्ट आहे. सर्वांत देखण्या रांगोळीचे एक छायाचित्र हा पुरावा अपुरा आहे. एकाच उंबऱ्यावरील महिनाभराची रेखाटने, त्यांतील चिन्हांचा क्रम, गळलेली व नव्याने आलेली चिन्हे आणि काढणाऱ्यांच्या तोंडची नावे यांची तिथीवार नोंद झाली पाहिजे. आकृती संग्रहालयात ठेवता येईल. परंतु करंड्याला करंडा म्हणणारे तोंड आणि तो काढणारा हात यांचा संबंध एकदा तुटला, तर उरेल ती केवळ नक्षी.