सातबारा दिसतो, पण वाचता येतो का?

गावचा सातबारा पाहायला आता गावी जावं लागत नाही. जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, गट नंबर टाकायचा, की 'महाभूलेख'वर उतारा समोर येतो. शेजारच्या खिडकीत 'महाभूनकाशा' उघडला की त्याच गटाची आकृतीही दिसते. तलाठी भेटेपर्यंत चार खेपा घालणाऱ्या पिढीला हे खरं वाटलं नसतं. सोय मोठी आहे आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. माझी तक्रार वेगळी आहे. कागद दाखवला गेला, पण तो वाचायचा कसा हे कुणी सांगितलं नाही. त्यात परदेशात राहणारे तुम्ही-आम्ही तो इथल्या सवयीने वाचतो, आणि म्हणून जास्त चुकतो.

ही सवय कुठून येते? मी राहते त्या सेम्बावांगचंच उदाहरण घ्या. सिंगापूरच्या उत्तर टोकाला पूर्वी ब्रिटिशांचा आरमारी तळ होता, त्यातला हा भाग. १९३८ साली इथे किंग जॉर्ज सहावा यांच्या नावाची गोदी सुरू झाली. ॲडमिरल्टी, कॅनबेरा, वेलिंग्टन ही रस्त्यांची नावं त्या काळाची आठवण देतात. सिंगापूर लँड अथॉरिटीचा 'वनमॅप' २०१०पासून आहे. त्यावर माझ्या इमारतीची रेषा जिथे दिसते, तिथेच इमारत असते. जमिनीच्या हद्दी इथे २००४पासून निर्देशांकांनी ठरतात, म्हणजे आकडा हीच हद्द. मालकीची नोंद टॉरेन्स पद्धतीची आहे. फसवणुकीसारखे मोजके अपवाद सोडले, तर नोंदवहीत ज्याचं नाव तो मालक, आणि त्या नोंदीची हमी सरकारची. अशा ठिकाणी दहा वर्षं काढली की पडद्यावर जे दिसतं ते खरं, असं डोळ्यांच्या अंगवळणी पडतं.

हेच डोळे घेऊन आपण गावचा नकाशा उघडतो. त्याचं मूळ पाहा. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३०च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून जी मोजणी सुरू केली, ती साऱ्याची आकारणी करण्यासाठी होती. ३३ फुटांची साखळी टाकायची, ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. आपण आजही गुंठ्यातच बोलतो. अशा मोजण्यांतून तयार झालेले आणि वर्षानुवर्षं हाताळून जीर्ण झालेले कागदी नकाशे संगणकावर आले. उपग्रहाच्या छायाचित्रावर ठेवल्यावर त्यांतल्या रेषा काही ठिकाणी बांधावरून सरकलेल्या दिसतात. अनेक गटांचे पोटहिस्से तर नकाशावर उमटलेलेच नाहीत. प्रयोगशाळेत एखादा आकडा देताना त्यात चूक किती असू शकते हेही आम्हाला लिहावं लागतं. या नकाशावर तशी एक ओळही नाही. रेषा बारीक आणि स्वच्छ दिसते, म्हणून ती नेमकीही वाटते. शेजाऱ्याने बांध कोरला की नाही, याचा निकाल त्या रेषेवर लागत नाही. त्यासाठी मोजणीचा अर्ज करावा लागतो आणि भूकरमापकाला शेतात उभं राहावं लागतं.

उताऱ्याचं तेच. फुकट दिसणारी प्रत फक्त माहितीसाठी आहे, कायदेशीर कामाला चालत नाही, हे तिच्यावरच लिहिलेलं असतं. १५ रुपये भरून डिजिटल सहीची प्रत मिळते. पण सहीची प्रत म्हणजेही मालकी हक्काचा पुरावा नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६च्या कलम १५७ प्रमाणे ही नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरली जाते, एवढंच तिचं वजन. महसुली नोंदीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही वारंवार सांगितलं आहे.

म्हणून सातबाऱ्यावर जे लिहिलेलं नाही, तेही वाचावं लागतं. एखाद्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' दिसलं, तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर आहे, एकटा मालक नव्हे. मुलींची नावं तर पुष्कळदा कब्जेदारांत नसतात. असलीच तर 'इतर हक्क'च्या रकान्यात. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा देणारा कायदा महाराष्ट्राने १९९४मध्ये केला, केंद्राने २००५मध्ये. तो हक्क जन्मापासूनचा आहे, हे २०२०च्या विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट झालं. तेव्हा 'माझं नाव दिसत नाही' म्हणून परदेशातल्या बहिणीने पडदा बंद केला, किंवा 'तिचं नाव कुठंय' म्हणून भावाने विषय संपवला, तर दोघांनीही उतारा अर्धाच वाचला.

उलट बाजूची चूकही तितकीच वाईट. गाव नमुना १२ ही पिकांची नोंद. २०२१पासून 'ई-पीक पाहणी'त शेतकरी स्वतः मोबाइलवर ती भरतो. आपल्या गटात चुलतभावाने सोयाबीन लावलेलं दिसतं, त्याचं छायाचित्र कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात पडतं आणि खाली प्रश्न येतो, "हे कुणाला विचारून?" विहिरीचा गाळ कुणी काढला, आजीच्या आजारपणात दवाखान्याच्या खेपा कुणी घातल्या, याला सातबाऱ्यावर रकाना नाही. पूर्वी उतारा मागायला गावी गेलं की चावडीवर या गोष्टी न विचारता कानावर पडायच्या. आता उतारा एकटाच येतो.

या संकेतस्थळांची खरी उणीव इथेच आहे. उताऱ्यावर फेरफारांचे नुसते क्रमांक दिसतात. कोण वारलं, कुणी हक्कसोड दिला, वाटणी कधी झाली, ही सगळी कथा त्या फेरफारांत असते. ती शोधायला दुसरीकडे, जुने स्कॅन केलेले कागद पाहायला 'आपले अभिलेख'वर जावं लागतं. त्यात मोडीतला कागद निघाला तर मोडी जाणणारा गाठावा लागतो. क्रमांकाशेजारी दोन ओळींचा खुलासा आणि संक्षेपांचे अर्थ दिले असते, तरी निम्मे गैरसमज टळले असते.

तोवर क्रम आपणच बदलावा. आधी फेरफार वाचा, मग उतारा, आणि नकाशा सर्वांत शेवटी. 'आपली चावडी' हे पान अधूनमधून उघडत जा. नव्या फेरफारांच्या नोटिसा तिथे लागतात आणि हरकतीला १५ दिवस असतात. दूर राहणाऱ्याला सगळ्यांत उपयोगी पान तेच, आणि सगळ्यांत कमी माहीत असलेलंही तेच. आणि छायाचित्र गटात टाकण्याआधी, जो त्या शेतात राबतो त्याला फोन करा. सिंगापूर अडीच तास पुढे आहे. इथे रात्रीचे साडेदहा म्हणजे तिकडे आठ, माणूस नुकता जेवायला बसलेला. थोडं थांबून करा, पण कराच.