'मराठा' नामाची व्युत्पत्ती : एक चिकित्सा

'मराठा' या नामाच्या मुळासंबंधी दोन मते वारंवार उद्धृत केली जातात. जॉन विल्सन यांनी 'महाराष्ट्र' म्हणजे महारांचे राष्ट्र असा अर्थ लावला. हे मत केवळ ध्वनिसाम्यावर उभे असल्याने त्यावर अधिक थांबण्याचे कारण नाही. डॉ. रा. गो. भांडारकर यांनी १८८४ साली 'रट्ट', 'महारट्ट', 'महाराष्ट्र' अशी परंपरा मांडली. हे मत मात्र गांभीर्याने तपासावे लागते. अशोकाच्या पाचव्या शिलालेखात 'रठिक' लोक येतात, हे खरे. परंतु नाणेघाट व कार्ले येथील 'महारठी' ही विशिष्ट व्यक्तींची पदवी आहे, आणि बेडसे येथील 'महारठिनी' हे तिचे स्त्रीरूप. पदवीवरून लोकनाम कसे झाले, हा दुवा भांडारकर गृहीत धरतात. इ.स. ६३४ च्या ऐहोळे प्रशस्तीत 'तीन महाराष्ट्रके' आहेत. तेथे हे नाव प्रदेशाचे आहे. उद्योतनसूरीच्या 'कुवलयमाला'त (इ.स. ७७९) 'मरहट्ट' येतात ते बाजारपेठेत, आपल्या बोलीसह. 'महाराष्ट्र' शब्दातील ह-र वर्णांचा व्यत्यय हेमचंद्राने बाराव्या शतकात व्याकरणात नोंदविला आहे.

तात्पर्य, प्राचीन 'मरहट्ट' या शब्दाचा अर्थ जात असा घेणे शास्त्रशुद्ध नव्हे. आपल्या चर्चासत्रांतील निबंधांत मात्र ते सर्रास घडते. निजामाच्या राज्यातील मराठीभाषक जिल्ह्यांना, अर्थात बीडलाही, 'मराठवाडा' म्हटले गेले, ते भाषेवरूनच.