खलनायकांचे केसपेपर

ॲनिमेटेड सुपरहीरोपटात हल्ली खलनायक आला की मागोमाग त्याचा केसपेपर येतो. ‘द इन्क्रेडिबल्स’चा (२००४) सिंड्रोम म्हणजे झिडकारलेला चाहता, ‘बिग हीरो ६’च्या (२०१४) कॅलहनची लेक प्रयोगात हरवलेली, ‘इन्टू द स्पायडर-व्हर्स’च्या (२०१८) किंगपिनला मेलेले बायको-मुलगा परत हवेत. अशा जखमा हजारोंना होतात. त्यांतला एखादाच शहर उलथायला का निघतो, हे कुणी विचारत नाही.

खरं तर दुष्टाव्याचा प्रश्न खलनायकाचा नसतोच. ज्याच्या हाती ताकद आहे, त्याने अनर्थ होऊ का दिला, हा तो प्रश्न. ‘बॅटमॅन: अंडर द रेड हूड’मध्ये (२०१०) जोकरच्या हातून मेलेला आणि पुन्हा जिवंत झालेला बॅटमॅनचा जुना साथीदार जेसन टॉड नेमका तोच विचारतो. मला वाचवलं नाहीस याचा राग नाही, पण जोकर अजून जिवंत कसा? देवाला विचारायचा प्रश्न त्याने बॅटमॅनला विचारलाय, आणि बॅटमॅनचं उत्तर देवाइतकंच अपुरं आहे.

‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ने (२०२३) याच्याही पुढे उडी मारली. अनेक विश्वांतल्या स्पायडरमॅनांचा म्होरक्या मिगेल ओ’हारा कोवळ्या स्पायडरमॅन माइल्सभोवती चकाकत्या धाग्यांचं जाळं उभं करतो. प्रत्येक विश्वात कुणीतरी काका मरतोय, कुणी पोलीस कॅप्टन लहान मुलाला वाचवताना ढिगाऱ्याखाली जातोय. स्पायडरमॅन घडायचा तर हे व्हायलाच हवं. माइल्सचे वडील पोलीस कॅप्टन होणार, म्हणजे त्यांचा नंबरही लागलेला. दुसऱ्या विश्वातल्या मुंबॅटन शहरात माइल्स असंच मरण ठरलेल्या इन्स्पेक्टर सिंगला वाचवतो आणि शहराला भगदाड पडू लागतं, हा मिगेलचा पुरावा. मूळ कथेपासून या पात्राचा डोलारा काकाच्या मरणावर उभा आहे. चित्रपटाने थेट त्या पायालाच हात घातला.

मिगेल दुष्ट नाही. त्याच्या कुशीतच त्याची मुलगी विरून गेली आहे. तो तत्त्वज्ञ लाइबनिट्सच्या पठडीतला धर्मशास्त्री आहे: एकूण व्यवस्था उत्तम, म्हणून हे दुःख अटळ. आपल्याकडे यालाच ‘ज्याचे त्याचे भोग’ म्हणतात, आणि म्हणणारा बहुधा स्वतः भोगत नसतो.

म्हणूनच मिगेलचं गणित बरोबर आहे असं म्हणणाऱ्या प्रेक्षकांचा मला राग येतो. एका बापाच्या बदल्यात अख्खं विश्व, सौदा स्वस्तच, नाही का? पण हा सौदा कुणाच्या संमतीने झाला? माइल्सच्या वडिलांना, जेफरसनला, कुणी विचारलं? तो स्वतः ढिगाऱ्याखाली झेपावेलही, त्याचा स्वभावच तसा आहे. म्हणून दुसऱ्या कुणी त्याला तिथे उभं करून मुलाला पिंजऱ्यात कोंडावं, याला त्याग म्हणत नाहीत.

धास्ती आहे ती पुढच्या भागाची. माइल्सची दुसऱ्या विश्वातली स्पायडर-मैत्रीण ग्वेन, तिचे वडील पोलिसातली नोकरी सोडतात आणि त्यांचं ठरलेलं मरण टळतं, म्हणजे मिगेलचा सिद्धान्तच चुकीचा निघणार, ही पळवाट पटकथेने आधीच खणून ठेवली आहे. ती घेतली तर माइल्स फक्त बरोबर ठरेल, आणि बरोबर ठरणं सोपं असतं. दोस्तोव्हस्कीच्या कादंबरीतल्या इव्हान कारामाझोव्हने देवाच्या सुसंवादाचं तिकीट परत केलं, ते तो सुसंवाद खोटा आहे म्हणून नव्हे, तर त्याची किंमत त्याला मान्य नव्हती म्हणून. मिगेल शंभर टक्के खरा निघावा आणि तरीही माइल्सने वडिलांकडे धाव घ्यावी, असा चित्रपट मला हवाय.