डोंगरावरची दिवाळी

रिओ दि जानेरो या शहरावर मराठीत जे लिहिले जाते त्यात एक उपमा हटकून येते. लेखक दिवसभर हिंडून दमलेला असतो. कोर्कोवादोच्या शिखरावरील ख्रिस्ताचा पुतळा पाहून झालेला असतो, शुगरलोफच्या खडकावर पाळण्यातून जाऊन आलेला असतो, कोपाकबानाच्या वाळूत पाय भिजवून झालेले असतात. मग रात्र पडते, हॉटेलच्या खिडकीतून समोरच्या डोंगरावर हजारो दिवे लुकलुकताना दिसतात, आणि लेखक म्हणतो, जणू डोंगरावर दिवाळीच! पुढच्या वाक्यात तो वाचकाला सांगतो की या फावेला, म्हणजे तिथल्या झोपडपट्ट्या; तिकडे जाऊ नये असे मार्गदर्शकाने बजावले होते. लेख संपतो, किंवा फुटबॉलकडे वळतो.

उपमा खोटी आहे असे मी म्हणत नाही. मी रिओत सहा दिवस होतो, पर्यटक म्हणूनच होतो, आणि ते दिवे सुंदर दिसतात यात शंका नाही. माझी तक्रार निराळी आहे. उपमेचे काम अपरिचिताला परिचिताच्या शेजारी आणून बसवणे हे असते. ही उपमा नेमके उलटे करते. जे आपल्याला चांगले परिचित आहे, ते ती दूर, डोंगरावर, काचेपलीकडे नेऊन ठेवते. मराठी माणसाला झोपडपट्टी कळत नाही असे कोण म्हणेल? पण पासपोर्टावर शिक्का बसला की ती त्याला दिवाळीसारखी दिसू लागते.

हे का होते, याचा विचार करताना मला आपल्या प्रवासवर्णनाच्या घराण्याकडे पाहावे लागते. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' 1940 साली आले आणि त्याने या वाङ्मयाला माहितीच्या कंटाळ्यातून सोडवले. गंगाधर गाडगीळांच्या 'साता समुद्रापलीकडे'ने 1959 साली त्याला नवकथेची तीक्ष्ण नजर दिली, आणि पुढच्याच वर्षी 'अपूर्वाई'ने त्याला घराघरात नेले. तिघांचेही ऋण मोठे आहे. परंतु या तिन्ही पुस्तकांत प्रवाशाची मोजपट्टी युरोप ही होती. आपण मागासलेले, ते पुढारलेले. या अंतरातून विनोद जन्मतो, खंत जन्मते, आणि कधी कधी अभिमानही. हीच मोजपट्टी घेऊन मराठी प्रवासी ब्राझीलला उतरला की त्याची पंचाईत होते. समोरचे शहर लंडन नसते, मुंबईसारखे असते. अंतर उरत नाही म्हणून त्याची लेखणी अडते, आणि ती अडली की तो दिवाळीची उपमा लावून मोकळा होतो. दक्षिण अमेरिका मराठीत विस्ताराने आणली ती मीना प्रभूंच्या 'दक्षिणरंग'ने. ही वाट एका बाईने एकटीने हिंडून मोकळी केली, याचे कौतुक आहेच. त्या वाटेने मागाहून गेलेल्या सहलीच्या लेखांनी मात्र ती रुंद करण्याऐवजी तिच्यावर बस चालवली.

आपल्या भाषेतले मला सर्वांत प्रिय प्रवासवर्णन विष्णुभट गोडशांचे. ते छापले गेले 1907 साली, पण प्रवास 1857 चा. हा गृहस्थ काही पाहायला निघाला नव्हता. कर्ज होते, दक्षिणा मिळवायची होती. ज्याला गावात काम असते त्याला गाव वेगळे दिसते. झाशीचा वेढा त्याला दिसला तो जीव वाचवण्याच्या धांदलीत दिसला. पर्यटकाला गावात काम नसते, ही त्याची मूळ अडचण आहे, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तेव्हा त्याने निदान एवढे करावे, की ज्यांना त्या गावात काम होते त्यांनी काय लिहून ठेवले आहे ते चाळावे.

कोर्कोवादोवर जाणारी दातेरी रुळांची गाडी कोश्मे व्हेल्यो नावाच्या पेठेतून सुटते. 1884 साली ती सुरू झाली. तिकिटाच्या रांगेत सगळ्या देशांचे लोक उभे असतात. त्याच रस्त्यावर मशादु द आसिस हा कादंबरीकार आयुष्याची अखेरची वीसहून अधिक वर्षे राहिला. 1908 साली तेथेच वारला. त्याचे घर आज उभे नाही. हा माणूस याच शहरातल्या एका डोंगरावर, गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या वंशात जन्मला. बाप रंगारी. पुढे तो ब्राझीलच्या साहित्य अकादमीचा पहिला अध्यक्ष झाला, आणि शहराबाहेर फारसा कधी गेला नाही. आपल्याकडे हरिभाऊ आपटे पुण्याच्या वाड्यातले दुःख लिहीत होते त्याच सुमारास हा रिओच्या दिवाणखान्यातला ढोंगीपणा लिहीत होता. 1881 सालच्या त्याच्या कादंबरीचा निवेदक तर मेलेला माणूस आहे. मेल्यावर लाज उरत नाही, म्हणून तो खरे बोलतो. त्या दिवाणखान्यात चहा कोण आणून देतो, हे मशादु मोठ्याने सांगत नाही; पण वाचकाला ते दिसल्यावाचून राहत नाही. ब्राझीलमध्ये गुलामगिरी 13 मे 1888 रोजी कायद्याने संपली, हे ध्यानात ठेवून ती पाने वाचावीत.

गाडी वर चढते ती तिजुकाच्या रानातून. या रानात जागोजाग फणस लटकलेले दिसतात. मराठी प्रवासी येथे हमखास हरखतो, आणि हरखावेच. फणस पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावरून तिकडे नेला, त्याच गलबतांनी तिकडचा काजू आणि अननस आपल्याकडे, नावांसकट, आणला. पण रान मुळात नैसर्गिक नाही. कॉफीच्या मळ्यांनी हे डोंगर बोडके केले, शहराचे पाणी आटू लागले, तेव्हा 1861 पासून ते पुन्हा लावण्यात आले. आणि पहिली रोपे लावणारे हात मोजक्या गुलामांचे होते. गाडीत हे कोणी सांगत नाही. गाडी वीसेक मिनिटांत वर पोचते.

आता त्या दिव्यांकडे येऊ. फावेला हा शब्द मूळचा एका काटेरी झाडाचा. बाहियाच्या कोरड्या मुलखात, कानुदोस नावाच्या वस्तीत, एका बैराग्याभोवती हजारो दरिद्री माणसे जमली होती. सरकारने 1897 साली सैन्य घालून ती वस्ती नाहीशी केली. एउक्लिदेस द कुन्या या वार्ताहराने त्यावर 1902 साली लिहिलेला ग्रंथ ब्राझीलच्या वाङ्मयात महाकाव्याच्या जागी आहे. लढाईहून परतलेले सैनिक राजधानीत आले, कबूल केलेली घरे मिळेनात, म्हणून बंदराजवळच्या एका टेकडीवर त्यांनी खोपटी घातली, आणि कानुदोसच्या त्या झाडाचे, तिथल्या टेकडीचे नाव तिला दिले. पुढे 1903 ते 1906 या काळात शहराच्या मध्यभागी रुंद रस्ता काढण्यासाठी गरिबांच्या चाळी पाडल्या गेल्या आणि आणखी माणसे डोंगर चढली. मुंबईत प्लेगानंतर 1898 साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला तेव्हाच्या हकिकती ज्याने वाचल्या आहेत, त्याला येथे काय परके वाटावे?

येथे मला माझ्या गावाचा आधार घ्यावा लागतो. मी जालन्याचा, मस्तगडाच्या वस्तीतला. कुंडलिकेच्या काठची ही गढी 1725 साली निजाम-उल्-मुल्काच्या हुकमाने बांधली गेली. तिच्यासाठी वाट वाकडी करून येणारा पर्यटक विरळा. तो वेरूळ-अजिंठा करून परत जातो. समजा आला, आणि बुरुजावरून रात्री जालन्याकडे पाहून म्हणाला, जणू दिवाळीच. तर मी त्याला विचारीन की बाबा, हे दिवे कोणाचे? पोलादाच्या भट्ट्यांवर बिहारहून आलेली माणसे कोणत्या खोल्यांत राहतात? आणि 1972 च्या दुष्काळात येथून जी कुटुंबे उठून मुंबईला गेली, ती कोणत्या दिव्यांत मोजायची?

हा प्रश्न विचारणाऱ्याला ब्राझील पुस्तकात आपोआप उघडतो. ग्रासिलिआनो रामोस याची 1938 ची छोटी कादंबरी घ्या. नवरा, बायको, दोन पोरे आणि एक कुत्री, दुष्काळाने हाकललेली. शेवटी ती दक्षिणेतल्या मोठ्या शहराची वाट धरतात. मराठवाड्यातल्या वाचकाला तिला टीपा लागणार नाहीत. तिच्या पुढचा भाग, एका परीने, साओ पावलोत लिहिला गेला. कारोलिना मारिया द जेझुस ही बाई रद्दी कागद वेचून तीन मुले वाढवीत होती आणि वेचलेल्या वह्यांत रोजनिशी लिहीत होती. ती 1960 साली प्रसिद्ध झाली. तिच्या लेखी शहर हा दिवाणखाना आणि फावेला ही अडगळीची खोली. पुस्तकाचे नावही तेच. कारोलिनाला शेजाऱ्यांविषयी खोटा कळवळा नाही. ती त्यांच्या भांडणांना कंटाळते, स्वतःच्या भुकेला रंग देते, पावाचा भाव लिहिते. आपल्याकडे बाबुराव बागुलांचा पहिला कथासंग्रह 1963 चा, 'गोलपिठा' 1972 चा, 'बलुतं' 1978 चे. दोन भाषांनी एकमेकींचे तोंड न पाहता, अवघ्या दोन दशकांत, अडगळीच्या खोलीचे दार आतून उघडले. तौलनिक अभ्यासाला यापेक्षा चांगला विषय कोणता? आणि आमचे प्रवासी अजून खिडकीत उभे आहेत.

कोणी म्हणेल, मग फावेलांच्या सहली निघतात, त्यांना जावे. रोसिन्यात त्या 1990 नंतरच्या वर्षांत सुरू झाल्या. आपल्या धारावीतही अशा सहली निघतात. मी गेलो नाही. सहली वाईटच असे माझे मत नाही, काहींचा पैसा वस्तीत जातोही. पण उघड्या गाडीतून पाहिल्याने अंतर कमी होते असे मानायला माझे मन तयार नाही. रोसिन्यात 2022 च्या शिरगणतीप्रमाणे 72 हजारांवर माणसे राहतात. त्यांच्या दारावरून गाडी नेण्यापेक्षा त्यांच्यातल्या एखाद्याचे पुस्तक वाचणे अधिक सभ्यपणाचे आहे.

मी गेलो ते साओ क्रिस्तोव्हाओच्या बाजारात. दुष्काळी ईशान्येकडून ट्रकात बसून आलेल्या मजुरांनी 1945 साली तो सुरू केला; आता त्यावर मोठा मंडप आहे आणि शनिवारी रात्रभर तो जागा असतो. तेथे वाळवलेले मांस मिळते, पेटीच्या सुरावर जोडपी नाचतात. दोरीवर कपडे वाळत घालावेत तशा स्वस्त कागदाच्या चोपड्या टांगलेल्या असतात. दुष्काळाच्या, दरोडेखोरांच्या, नवससायासांच्या पद्यकथा, मुखपृष्ठावर लाकडी ठशाचे चित्र. आपल्या जत्रांत पोवाड्यांची पुस्तके मिळत, त्यांचीच ही सख्खी भावंडे. दोन कवी वाद्ये घेऊन समोरासमोर बसतात आणि एकमेकांवर तत्क्षणी कवने रचून कुरघोडी करतात. मला भाषा येत नव्हती. पण कलगी-तुऱ्याचा सामना ज्याने ऐकला आहे त्याला कोण हरले हे टाळ्यांच्या आधी कळते. मी जे मराठी लेख वाचले त्यांत या बाजाराचे नाव नाही. सहलीची बस तेथे थांबत नाही; टॅक्सी करून जावे लागते, आणि बंदरापासून तो फार लांबही नाही.