सिरोटोनिन, विषाद आणि प्रो. कर्श

मेंदूंत सिरोटोनिन नांवाचें द्रव्य उणें झालें म्हणजे विषाद जडतो व गोळीनें ती तूट भरून निघते, ही उपपत्ति आज घरोघर ऐकूं येते. मानसशास्त्रज्ञ अर्व्हिंग कर्श यांचा ‘दि एम्परर्स न्यू ड्रग्ज’ (२००९) हा ग्रंथ तिच्यावरच शस्त्र धरून उठला आहे.

या उपपत्तीचा जन्म मोठा मनोरंजक आहे. १९५२ सालीं न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयांत क्षयरोग्यांस इप्रोनियाझिड दिलें, तों त्यांची वृत्तीहि उल्हसित झाली. उलट रक्तदाबासाठीं रेसर्पिन घेणारे कांहीं रोगी खिन्न झाले. (रेसर्पिन आपल्या सर्पगंधेचें, तिचा रक्तदाबावरील गुण मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं १९४९ सालीं ब्रिटिश नियतकालिकांत मांडला होता.) पहिलें औषध मेंदूंतील कांहीं द्रव्यें टिकवितें, दुसरें तीं घटवितें, तेव्हां विषाद म्हणजे त्या द्रव्यांची उणीव, असें अनुमान निघालें. अनुमान सुबक खरें, पण लंगडें. सुंठीच्या लेपानें डोकें थांबलें म्हणून कपाळांत सुंठ कमी पडली होती, असें आमच्या आजीनें कधीं म्हटलें नाहीं! २०२२ सालीं जोआना मॉनक्रीफ व सहकारी यांनीं केलेल्या छाननींतहि सिरोटोनिनच्या उपपत्तीस सुसंगत आधार मिळाला नाहीं.

येथवर ग्रंथकारांशीं आमचें एकमत आहे. औषध-कंपन्यांनीं अमेरिकन सरकारला सादर केलेल्या, परंतु प्रसिद्ध न केलेल्या चांचण्याहि त्यांनीं मागवून घेतल्या, हें तर अभिनंदनीयच. २००८ सालच्या त्यांच्या गणितांत औषध व साखरेची गोळी यांतील अंतर हॅमिल्टनच्या मोजपट्टीवर दोन गुणांहूनहि कमी भरलें. पण सरासरी म्हणजे रोगी नव्हे. २०१८ सालीं सिप्रियानी यांनीं ५२२ चांचण्या व १,१६,४७७ रोगी एकत्र घेतले, तेव्हां एकवीसहि औषधें साखरेच्या गोळीहून सरस ठरलीं. सरसपणा बेताचाच, तरी शून्य नव्हे. औषध कां लागू पडतें आणि लागू पडतें कीं नाहीं, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. ग्रंथाच्या आवेशांत ते वाचकाच्या मनांत एक होऊन जातात, हा त्याचा खरा दोष.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें ग्रंथ हातीं पडतांच दोन वर्षें चाललेल्या गोळ्या एका दिवसांत टाकल्या. ग्रंथकारांनीं त्यास तसें सांगितलें नव्हतें. पुढले तीन आठवडे चक्कर, अनिद्रा व चिडचिड यांत गेले. अखेर आईनें त्यास डॉक्टरांकडे नेलें. आतां तो त्यांच्या देखरेखीखालीं मात्रा हळूहळू उतरवीत आहे. ग्रंथ त्यानें आम्हांस देऊन टाकला. समासांतील शाईच्या खुणा सिरोटोनिनच्या प्रकरणापाशींच थांबल्या आहेत.