नव्या नाट्यसंहितेचा पहिला श्रोता : अभिवाचनाची एक चिकित्सा

प्रास्ताविक :

भारतीय काव्यशास्त्राने नाटकाला दृश्यकाव्य म्हटले आहे. त्यामुळे नाटक वाचून दाखविणे हा प्रयोगाचा दुय्यम व काटकसरीचा पर्याय मानला जातो. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी केली आहे. अद्याप रंगमंचावर न आलेल्या संहितेचे अभिवाचन ही त्या संहितेची परीक्षा असते. आपल्याकडील बहुतेक अभिवाचने मात्र हीच परीक्षा टाळतात, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

संहिता प्रथम कोणाकडे जाते?

महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे सादर केले. कमिटीने ते नाकारले. हे नाटक छापून वाचकांपुढे येण्यास १९७९ साल उजाडले. अज्ञानामुळे फसविल्या जाणाऱ्या कुणबी जोडप्याची ही कथा. परंतु तिचा पहिला निर्णय त्या वर्गाने नव्हे, तर पारितोषिक देणाऱ्या समितीने केला.

आजची स्थिती वेगळी असली तरी प्रश्न तोच आहे. १९५४ पासून सुरू असलेल्या राज्य नाट्य स्पर्धेने हौशी रंगभूमीला मोठा आधार दिला, हे निर्विवाद होय. तथापि स्पर्धेत नवी संहिता बहुधा पूर्ण बसविलेल्या स्वरूपात, परीक्षकांपुढे प्रथम उभी राहते. दोष आढळला तरी तो सुधारण्याची वेळ टळून गेलेली असते. अनेक संहितांचा प्रवास त्या एका प्रयोगाबरोबरच संपतो. निर्णय देणारे असतात. ऐकून लेखकाला परत काही सांगणारे नसतात.

दोन दाखले :

लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरने १९५७ पासून रविवारी रात्री नेपथ्याविना प्रयोग करण्याची प्रथा सुरू केली. ही निव्वळ वाचने नव्हती. परंतु अल्प खर्चात नव्या लेखकाचा शब्द प्रेक्षकांपुढे तपासून पाहणे, हा हेतू समान होता. अर्नॉल्ड वेस्कर यांचे ‘द किचन’ १९५९ मध्ये असेच प्रथम सादर झाले आणि १९६१ मध्ये विस्तारित रूपात पूर्ण प्रयोग म्हणून आले. दोन सादरीकरणांमधील या अवकाशातच लेखकाला पुनर्लेखनाची संधी मिळते.

मराठीतही साधेपणाची परंपरा आहे. ‘आविष्कार’ संस्थेने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक रंगभूमीला घर मिळवून दिले. नव्या नाटकासाठी प्रथम सुसज्ज नाट्यगृह लागते, हा समज त्या चळवळीने खोटा ठरविला.

अभिवाचनाची शक्ती व मर्यादा :

विदर्भाच्याच मातीतील महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ (पहिला प्रयोग १९८५, दिग्दर्शन विजया मेहता) या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. धरणगावच्या देशपांडे कुटुंबाची वऱ्हाडी बोली आणि मुंबईहून आलेल्या कोकणस्थ सुनेची भाषा यांतील अंतर कानाला तत्काळ जाणवते. घरातील ताण आधी बोलीत उमटतो आणि मग प्रसंगात. हे अभिवाचनात पूर्णपणे हाती लागते.

याउलट वाड्यासमोर गंजत पडलेला ट्रॅक्टर कोणी वाचून दाखवीत नाही. वहिनी वडिलोपार्जित दागिने अंगावर घालते, तेव्हाही अर्थ शब्दांपेक्षा दृश्यात अधिक आहे. रंगसूचना गाळल्या, तर नाटकाचा हा कणाच हरवतो. म्हणून रंगसूचना स्वतंत्र वाचकाने स्पष्टपणे वाचणे आवश्यक ठरते. कोणता अर्थ संवाद पेलतात आणि कोणता दृश्यावर सोपविला आहे, हे लेखकाला तेव्हाच उमगते.

प्रचलित पद्धतीतील दोष :

आपल्याकडील अभिवाचनांत तीन दोष प्रामुख्याने दिसतात. पहिला, निवड बहुधा गाजलेल्या नाटकांतील प्रवेशांची होते. त्यांची परीक्षा आधीच झालेली असते. दुसरा, कमावलेला आवाज, पार्श्वसंगीत व प्रकाश यांच्या साहाय्याने वाचन रंगविले जाते. उत्तम आवाज दुबळ्या संवादाला झाकतो. टाळी वाचकाला मिळते आणि लेखक अंधारातच राहतो. बोलीतील संवाद विनोदी हेल काढून वाचले गेले, की गंभीर प्रसंगही हास्यास्पद होतो. तिसरा, वाचनानंतरची चर्चा अभिनंदनपर भाषणांत विरून जाते.

यावर उपाय साधे आहेत. वाचन सपाट, परंतु स्पष्ट असावे. लेखकाने चर्चेच्या पूर्वार्धात मौन पाळावे. श्रोत्यांनी ‘आवडले’ वा ‘नावडले’ यापलीकडे जाऊन लक्ष कोठे सुटले, कोणते पात्र ओळखू आले नाही, हे नोंदवावे. काही महिन्यांनी त्याच संहितेचे सुधारित वाचन व्हावे. दुसऱ्या वाचनाविना पहिले वाचन हा केवळ कार्यक्रम ठरतो.

समारोप :

वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघेसारख्या ठिकाणी असा उपक्रम सुरू करण्यास एखादी वर्गखोली, चार खुर्च्या व संहितेच्या प्रती पुरेशा आहेत. महाविद्यालयाजवळ आणखी एक सामर्थ्य असते, ते म्हणजे विविध ज्ञानशाखांचे श्रोते. शेतीवरील कर्जाचे नाटक अर्थशास्त्राच्या अध्यापकाने ऐकावे, कौटुंबिक हिंसेचे नाटक समाजशास्त्राच्या अध्यापकाने ऐकावे. आणि ज्यांच्या घरातील गोष्ट असेल त्यांनाही त्याच खोलीत, पहिल्या रांगेत जागा असावी. ‘तृतीय रत्न’ला नेमके हेच श्रोते मिळाले नव्हते. पुढच्या संहितेला ते मिळवून देणे आपल्या हाती आहे.